मोंबासाला जाताय? आधी तिथल्या आजीला आणि मास्तरांना विचारा

आफ्रिकेतल्या मुलांमध्ये सेवा करायला जाणाऱ्या शॉर्ट टर्म मिशन टीम्स आता आपल्याकडच्या मंडळ्यांमधूनही, म्हणजे चर्चमधूनही, निघायला लागल्यात, आणि या महिन्यात त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली बहुतेक केनियाबद्दलची. मिस्टरांच्या नोकरीमुळे मी केनियाच्या किनाऱ्यावर राहिलेय आणि तिथे मुलांच्या कामात होते, म्हणून यावेळचं सगळं सदर याच विषयाला देतेय. नावं मुद्दाम छापली नाहीत.

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. आमच्या मंडळीच्या तरुण संघाची टीम मे महिन्याच्या सुट्टीत दोन आठवडे मोंबासाजवळच्या एका अनाथाश्रमात जाणार आहे. व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) घ्यायचा, मुलांशी खेळायचं, त्यांना जवळ घेऊन प्रभूचं प्रेम द्यायचं असा प्लॅन आहे. सगळे वीस ते अठ्ठावीस वयाचे आहेत. तयारी काय करू?
(तरुण संघाचा लीडर, नाशिक)

उत्तर : जय ख्रिस्त. स्वतःची सुट्टी आणि पगार घालून पोरं एवढ्या लांब जायला निघालीयत ही काही लहान गोष्ट नाही, आणि म्हणूनच अगदी मोकळेपणाने लिहिते.

आधी साधी गोष्ट. मे महिना नको. मे आपल्या सुट्टीचा, त्यांच्या नाही. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि सुट्ट्या पडतात एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरला, म्हणजे मे महिन्यात त्यांची दुसरी टर्म ऐन भरात असते, वर मार्च ते मे तिकडचा मोठा पाऊस, किनाऱ्याला तर मे महिन्यात धो धो. तुम्ही गाणी आणि पपेट घेऊन पोचणार आणि मुलं वर्गात बसलेली, मग हेडमास्तर पाहुण्यांचं मन मोडायला नको म्हणून वर्ग सोडणार, हे मी होताना बघितलंय. ऑगस्ट धरा.

आता अनाथाश्रमाचं. इथे जरा लांबण लागणार आहे, कारण तुमच्या प्लॅनचा पायाच तो आहे आणि तोच मला पटत नाही.

गेटमधून आत गेलात की काय होईल ते सांगते. दहापंधरा मुलं पळत येतील, दोघं तुमचे हात धरतील, एखादी तीन वर्षांची चिमुरडी तुमचं नावही माहीत नसताना सरळ कडेवर चढेल आणि तुमच्या केसांशी खेळायला लागेल, आणि तुमच्या डोळ्यात पाणी येईल की बघा लेकरं प्रेमाला किती भुकेलीयत. पण आपल्या घरातलं तीन वर्षांचं पोर असं परक्याच्या कडेवर जातं का हो? ते आईच्या पदरामागे लपतं, आणि ते लपणं चांगलंच असतं, त्याला आपलं माणूस कोण हे पक्कं कळलेलं असतं. ज्या मुलाला सांभाळणारी माणसं सारखी बदलतात त्याची आपलं-परकं ही ओळखच पुसट होत जाते. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी हे आई-मुलाच्या नात्याबद्दल कितीतरी वर्षांपूर्वी मांडलं, आणि रोमानियात बुखारेस्टला २००० सालापासून संस्थेत राहिलेली मुलं आणि पालक कुटुंबात दिलेली मुलं यांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, त्यातही हेच दिसलं की कुटुंबात गेलेली मुलं सावरतात आणि जितकी लहान वयात जातात तितकी जास्त सावरतात. आता तुम्ही दोन आठवडे त्या चिमुरडीला कडेवर घेऊन फिरणार, शेवटच्या दिवशी सगळे रडणार, गाडी निघणार, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या देशाची टीम येणार. तिच्या बाजूने बघा, प्रेम लावणारं प्रत्येक माणूस निघून जातंय.

दुसरी गोष्ट तर अजून जड आहे. अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आईबाप, निदान दोघांतलं एक तरी, जिवंत असतात, हे युनिसेफसकट मुलांसाठी काम करणारे सगळे सांगून थकले. मूल तिथे येतं ते बहुतेक वेळा गरिबीमुळे, घरी युनिफॉर्मला पैसे नाहीत, एक वेळचं जेवण कमी पडतं, आणि संस्थेत शाळा, जेवण, पाहुण्यांची बिस्किटं सगळं मिळतं, मग आई मन घट्ट करून सोडून येते. आणि जिथे परदेशी पाहुण्यांच्या देणगीवर घर चालतं तिथे मुलांची संख्या कमी होणं चालकाला परवडत नाही, सगळेच चालक वाईट नसतात पण पैशाचा रेटा तसा असतो. म्हणून ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली, २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनाथाश्रमातल्या व्हॉलंटिअरिंगचा धोका ठरावात मांडला. खुद्द केनिया सरकारने २०१७ पासून नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली, २०२२ मध्ये मुलांसाठी नवा कायदा आणला आणि मुलांना संस्थांमधून कुटुंबात नेण्याचा २०२२ ते २०३२ असा दहा वर्षांचा आराखडा जाहीर केला. म्हणजे तिथलं सरकार मुलांना घरी पाठवायला निघालंय आणि आपण नेमकं उलट्या टोकाला हातभार लावायला जातोय.

अनाथांचा आणि विधवांचा संकटात समाचार घेणं हाच शुद्ध धर्म, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन आपल्या सगळ्यांना पाठ आहे ना, त्यात अनाथ आणि विधवा जोडीनेच येतात. त्या विधवेच्या हातात बळ आलं तर मूल तिच्याजवळच राहतं. मी किलिफीकडे एका आजीच्या घरी नेहमी जायचे, माडाच्या झावळ्यांचं छप्पर, दारात पिवळे जेरीकॅन ओळीने मांडलेले, दोरीवर धुतलेले तीन युनिफॉर्म, आणि ती आजी तिच्या मेलेल्या मुलीची तीन लेकरं सांभाळत होती. तिला काय हवंय विचारलं तर म्हणाली पाण्याची टाकी, कारण पाणी आणण्यात मोठीची शाळा बुडते. तिला प्रेम कमी पडत नव्हतं, प्रेमाचा तिच्याकडे साठा होता. कमी होतं ते पाणी.

म्हणून माझं म्हणणं असं की अनाथाश्रम सोडा आणि तिथली एखादी नोंदणी असलेली मंडळी किंवा शाळा धरा, जी आईआजींबरोबर आधीपासून काम करतेय आणि तुम्ही गेल्यावरही करणार आहे. त्यांच्या पाळकांना फोनवर एकच विचारा, तुमचं यावर्षीचं काम काय चाललंय आणि त्यात आमचे कुठले हात लागतील? ते म्हणाले बाकं मोडलीयत तर तुमच्यातला आयटीआयवाला पोरगा तिथल्या सुताराच्या हाताखाली काम करेल, सुताराची मजुरी बुडवून नाही. तुमच्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी कुणी असेल तर ती बिनखर्चाचं शैक्षणिक साहित्य कसं करते ते तिथल्या बाईंना दाखवेल आणि त्यांच्याकडून शिकेल. स्वयंपाकघरात लाकडं फोडायला, राजमा-मका निवडायला हात लागतात, ते रोज दुपारचं जेवण शिजवणाऱ्या मावश्यांचं ओझं हलकं करणं हीसुद्धा मुलांचीच सेवा आहे. आणि मुलांबरोबर खेळायचं असेल तर जरूर खेळा, मैदानात, सगळ्यांसमोर, तिथले शिक्षक बरोबर असताना. एकट्या मुलाला घेऊन कुणी कुठे जायचं नाही, अंघोळ घालणं, झोपवणं यात तर पडायचंच नाही. हा नियम टीममधल्या प्रत्येकाकडून लिहून घ्या आणि जाण्याआधी पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, मंडळीतलाच मुलगा आहे, ओळखीचा आहे, असं म्हणून सोडू नका.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, पहिल्यांदा देशाबाहेर जातेय, तेही केनियाला. मला रात्री झोप लागत नाही. मलेरिया, ताप, कसले कसले आजार ऐकतो. पाठवू का?
(एक आई, अहिल्यानगर)

उत्तर : पाठवा, पण चार गोष्टी तुम्ही स्वतः बघून घ्या, टीम लीडर बघेल म्हणून राहू नका.

पहिली, यलो फिव्हरची लस. भारतात हा आजार नाही आणि येऊ नये म्हणून आपलं सरकार फार कडक आहे, केनियाहून येणाऱ्याकडे लसीचं सर्टिफिकेट नसेल तर परत आल्यावर एअरपोर्टवरून थेट क्वारंटाइनमध्ये ठेवतात, सहा दिवसांपर्यंत. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, तिथे ठरावीक वार असतात आणि नंबर लावावा लागतो, आणि सर्टिफिकेट लागू होतं लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी. म्हणून तिकीट बुक झालं की लगेच त्याच्या मागे लागा. २०१६ पासून एकदा घेतलेलं सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. अंड्याची मोठी अ‍ॅलर्जी असेल किंवा कसली औषधं चालू असतील तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

दुसरी, मलेरियाची गोळी. आपल्याकडे लोक म्हणतात अहो आम्हाला डासांची सवय आहे. ती सवय तिकडे कामाची नाही, तिकडचा बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, माणूस एकदोन दिवसात गंभीर होतो. कुठली गोळी ते डॉक्टर ठरवतील, डॉक्सिसायक्लिन दिली तर ती परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते आणि पोरं नेमकी इथेच सोडून देतात. घरी आल्यावर पुढचे काही महिने कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी केनियाला जाऊन आलेय.

तिसरी, पायात बंद बूट. किनाऱ्याकडे वाळूत एक बारीक पिसू असते, ती पायाच्या कातडीत शिरते, तिथली मुलं त्याने फार हैराण असतात. अनवाणी फिरायचं नाही.

चौथी म्हणजे तुम्ही टीम लीडरला विचारायचं की मुली कुठे राहणार, रात्री प्रवास आहे का, जवळचं चांगलं हॉस्पिटल कुठलं आणि इन्शुरन्समध्ये काय काय कव्हर आहे. याची उत्तरं पटापट आली नाहीत तर मात्र थांबवा. बाकी तिकडची माणसं पाहुण्याला जीव लावणारी आहेत, चहा तर आपल्यासारखाच दूध साखर घालून उकळलेला, चपातीही मिळेल. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे असतं, फोन करताना एवढं धरून चाला.

प्रश्न : किनाऱ्यावर मुस्लीम वस्ती बरीच आहे असं ऐकलं. व्हीबीएसला त्यांची मुलं आली तर सुवार्ता सांगायची की नाही? आमच्यात यावरून दोन गट पडलेत.
(संडे स्कूलच्या शिक्षिका, पुणे)

उत्तर : मुलाच्या आईबापाला माहीत असेल आणि त्यांची हरकत नसेल तरच. आपल्या गावात कुणी अनोळखी माणसं येऊन आपल्या लेकरांना चॉकलेट देऊन आपल्याला न विचारता त्यांचा धर्म शिकवायला लागली तर आपल्याला कसं वाटेल, तेवढं पुरे आहे. जाहीर सांगा की हा मंडळीचा कार्यक्रम आहे, बायबलच्या गोष्टी असतील, ज्यांना पाठवायचंय त्यांनी पाठवा. कितीतरी मुस्लीम आया पाठवतात, काही नाही पाठवत, दोन्ही ठीक. जेवण किंवा वह्या फक्त कार्यक्रमाला येणाऱ्यालाच, असं कधी करू नका.

आणि एक गोष्ट तुमच्या दोन्ही गटांना माहीत हवी. २०२३ मध्ये याच किनाऱ्यावर, किलिफी काउंटीत शाकाहोलाच्या जंगलात, एका प्रचारकाने लोकांना उपाशी राहून मरा म्हणजे येशू भेटेल असं शिकवलं, चारशेच्या वर मृतदेह उकरून काढावे लागले आणि त्यात कितीतरी लहान मुलं होती. तिथल्या माणसांच्या मनात हे अजून ताजं आहे. बाहेरून आलेला कुणी मुलांना गोळा करून प्रार्थना करायला लागला की शेजारी येऊन उभे राहतात, राहायलाच पाहिजेत. तुमच्याबरोबर तिथल्या ओळखीच्या मंडळीचे पाळक किंवा वडील (एल्डर) नाहीत असा एकही कार्यक्रम घेऊ नका. मुलांना रडवून, नरकाची भीती घालून हात वर करायला लावणं तर कुठेच नको, इथेही नको.

प्रश्न : आम्ही जुने कपडे, खेळणी, चॉकलेट जमा करतोय, प्रत्येक मुलासाठी एक प्लास्टिकची पिशवी पॅक करणार आहोत. अजून काय भरू?
(महिला मंडळाच्या सेक्रेटरी, सोलापूर)

उत्तर : आधी पिशव्या काढा! केनियात २०१७ च्या ऑगस्टपासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, वापरणाऱ्यालासुद्धा दंड आणि जेल होऊ शकते, एअरपोर्टवरच काढून घेतील.

कपड्यांचं म्हणाल तर जुने कपडे तिकडे बाजारात ढिगाने मिळतात, मितुंबा म्हणतात त्याला, सगळ्या जगातून गाठोडी येतात, आपण इथून बॅगेजचे पैसे भरून नेण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा ते पैसे शाळेकडे द्या आणि तिथल्याच शिंपीणबाईंकडून युनिफॉर्म शिवून घ्यायला सांगा. मुलाला युनिफॉर्म मिळतो, बाईला काम मिळतं, आणि तो शाळेच्या मापाचा, शाळेच्या रंगाचा असतो. मुलाच्या हातात तुम्ही स्वतः काहीच देऊ नका, मास्तरांकडे किंवा आईकडे द्या, त्यांना देऊ दे. आपण वाटत सुटलो की पोरं पाहुणा दिसला की हात पसरायला शिकतात आणि आईबाप त्यांच्याच लेकरांपुढे लहान होतात. सोलापूरकरांनी शेंगा चटणी मात्र जरूर न्यावी, यजमानांच्या घरी द्यायला, सीलबंद करून.

प्रश्न : टीमचं इन्स्टा पेज केलंय, रोज रील टाकणार, म्हणजे इथे मंडळीला प्रार्थना करता येईल आणि पुढच्या वर्षी देणगी मिळेल. मुलांचे फोटो काढताना काय काळजी घ्यावी?
(मीडिया टीम, वसई)

उत्तर : मुलांचे चेहरे टाकूच नका. केनियात २०१९ चा डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, आणि २०२३ मध्ये तिथे एका शाळेला पालकांना न विचारता मुलांचे फोटो टाकल्याबद्दल ४५ लाख शिलिंगच्या वर दंड झालाय, तिथल्याच शाळेला, तर पाहुण्यांचं काय घेऊन बसलात. आपल्याकडेही बाल न्याय कायद्याने संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही, मग इथे जे आपण करणार नाही ते तिथे का करायचं.

कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा, नाकाला शेंबूड, फाटका शर्ट, खाली 'या लेकरासाठी प्रार्थना करा' असं लिहिलेला फोटो. ते मूल उद्या मोठं होणार, नोकरीला लागणार, त्याच्या हातातही फोन असणार. रील करायची तर सुताराची करा त्याला विचारून, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या त्या मोठ्या पातेल्याची करा, तुम्ही लावलेल्या पत्र्याची करा. प्रार्थनेला चेहरा लागत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळीचे एक जुने वडील (एल्डर) सांगतात की नाशिकच्या शरणपूरचा आणि मोंबासाचा फार जुना संबंध आहे. खरं आहे का? मुलांना सांगायचंय.
(एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक)

उत्तर : अगदी खरं आहे आणि प्रत्येक टीमने निघण्याआधी हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं इंग्रज आरमार पकडायचं आणि त्यातून सोडवलेली आफ्रिकन माणसं, मुलं, मुंबईला उतरवली जायची. त्यातल्या बऱ्याच मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरला ठेवलं, विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये ती वसाहत सुरू केली होती, तिथे ही मुलं शाळा शिकली आणि सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदे शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत वारले तेव्हा त्यांचा देह समुद्रापर्यंत घेऊन येणाऱ्यांत तो होता आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये अंत्यविधीला हजर होता. नाशिकच्या शाळेतला मुलगा!

मग १८७५ च्या सुमाराला मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी एक वसाहत झाली, मुंबईचे आधीचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने फ्रिअर टाउन, आणि ती उभी करायला नाशिकहून शिकलेली माणसं बायकापोरांसह गेली, त्यांना तिकडे बॉम्बे आफ्रिकन म्हणायचे. त्यातल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये डीकनपदाची, म्हणजे पाळकपदाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा मिळाली. गुलाम पकडणारे आले की लोकांना सावध करायला तिथे घंटा वाजवायचे, ती अजून आहे, त्या भागाला केंगेलेनी म्हणतात, टीमला दाखवायला जरूर न्या.

यात माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी की ती माणसं तिथे राहायला गेली. त्यांनी तिथे घरं बांधली, शाळा चालवल्या, तिथल्याच मातीत त्यांची थडगी आहेत. आणि ती मुळात आफ्रिकेचीच लेकरं होती, आपल्या माणसांत परतलेली. तिथल्या मंडळीचा पाया आफ्रिकन हातांनी घातलाय, तेव्हा आपण त्यांना काहीतरी पहिल्यांदा द्यायला चाललोय असा विचार घेऊन कुणी विमानात बसू नये.

प्रश्न : मी मंडळीचा खजिनदार. टीमचा खर्च आणि तिथल्या शाळेला देणगी दोन्ही मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून करायचं म्हणतायत. व्हिसाचंही सांगा, काहीजण म्हणतात टुरिस्ट म्हणूनच जायचं.
(खजिनदार, मुंबई)

उत्तर : ट्रस्टच्या खात्याला हात लावण्याआधी सीएकडे जा. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केलेल्या पैशाला आयकरात अशी सरसकट सूट मिळत नाही, आधी प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले तुमच्या ट्रस्टचे उद्देशही बघावे लागतील. ज्याने त्याने आपल्या खिशातून तिकीट काढणं सरळ पडतं.

२०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, सुरू केलंय, ऑनलाइन अर्ज, ते सोपं आहे. पण टुरिस्ट सांगून आत जायचं आणि तिथे शाळेत काम करायचं हे करू नका, साक्ष द्यायला जाताय आणि सुरुवातच खोट्याने? थोड्या मुदतीच्या कामासाठी तिथे स्पेशल पास नावाची परवानगी असते, लांब राहणाऱ्या मिशनऱ्यांसाठी वेगळं परमिट असतं, तुमच्या कामाला काय लागेल ते यजमान मंडळीने तिथल्या इमिग्रेशनला लेखी विचारायचं. टीममध्ये डॉक्टर, नर्स असतील तर तिथल्या कौन्सिलचं तात्पुरतं लायसन्स मिळेपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही, आणि जे डॉक्टर-नर्स नाहीत त्यांनी तर गोळ्याही वाटायच्या नाहीत. शेजारच्या युगांडात जिंजाला एका अमेरिकन मिशनरी तरुणीने मेडिकलचं शिक्षण नसताना कुपोषित मुलांचं केंद्र काढलं, तिने स्वतः उपचार केले आणि मुलं दगावली असा आरोप करत २०१९ मध्ये दोन आया कोर्टात गेल्या, पुढच्या वर्षी तडजोड झाली, तिने आरोप मान्य केले नाहीत. पण ती मुलं तर गेलीच ना.

प्रश्न : मेळघाटात, नंदुरबारला लेकरं कुपोषणाने जातात आणि तुम्ही आफ्रिकेला कशाला जाता?
(एक वाचक, अमरावती)

उत्तर : तुमचा राग मला पटतो. मी प्रत्येक टीमला सांगते की आधी वर्षभर जवळच्या एखाद्या अंगणवाडीला, आश्रमशाळेला नियमाने जा, तिथल्या ताईंच्या हाताखाली काम करा. जो तिथे टिकला नाही त्याने केनियाला जाऊ नये. पण जो टिकला त्याला मी अडवणार नाही, लेकराची भूक दोन्हीकडे सारखीच असते.

प्रश्न : मी गेल्या वर्षी एका टीमबरोबर जाऊन आले. तिथली तेरा वर्षांची एक मुलगी मला व्हॉट्सअ‍ॅपवर रोज मेसेज करते, मला मम्मी म्हणते, आता शाळेच्या पैशासाठी विचारतेय. मागच्या आठवड्यात लिहिलं की घरी राहायची भीती वाटते. मी नुकतीच नोकरीला लागलेय. तिला टाकून द्यायचं मन होत नाही. काय करू?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पैशाचा प्रश्न आज बाजूला ठेवा, त्या भीतीच्या मेसेजचं आधी बघा, आजच. तुम्ही इथून तिला खोदून खोदून विचारू नका आणि कुणाला सांगणार नाही असं वचनही देऊ नका. तिला एवढंच लिहा की तू सांगितलंस ते बरं केलंस, मी तुझ्यावर विश्वास ठेवते, आणि हे मी तुझ्या जवळच्या एका मोठ्या माणसाला सांगणार आहे. मग तुमच्या टीमच्या यजमानांपैकी ज्या बाईंवर तुमचा विश्वास आहे, शिक्षिका असतील, पाळकांच्या मिसेस असतील, त्यांना फोन करा, मेसेज नको, फोन. घरातल्या कुणालाही कळवू नका, कारण भीती कुणाची आहे ते आपल्याला माहीत नाही. आपल्या १०९८ सारखी केनियात मुलांसाठी ११६ ही फुकट हेल्पलाइन आहे, तो नंबर तिला द्या आणि त्या बाईंनाही त्यावर बोलायला सांगा, तिथला सरकारी चिल्ड्रन्स ऑफिसर त्यातूनच पुढे येतो.

पैसे तिच्या किंवा तिच्या घरच्यांच्या फोनवर पाठवू नका. मदत करायचीच असेल तर शाळेला विचारा की तिचं काय थकलंय आणि थेट शाळेच्या खात्यावर भरा, तुम्हाला झेपेल तेवढंच, आणि ते दर टर्मला देता येईल अशी खात्री असेल तरच सुरू करा.

मम्मी म्हणण्याचं हळूहळू बदलावं लागेल. एकदम गप्प होऊ नका, तिला ते फार लागेल. मी तुझी कोल्हापूरची ताई आहे असं लिहा, रोजच्याऐवजी रविवारी दुपारी बोलू असं ठरवा आणि ठरवलं की तो रविवार चुकवू नका. आणि दर वेळी तिला तिच्या तिकडच्या माणसांबद्दल विचारा, आज शाळेत कोण कोण होतं, जेवण कुणी केलं, बाई काय म्हणाल्या. त्या बाईंनाही कळू दे की तुम्ही तिच्याशी बोलता, ग्रुप कॉल केलात तर अजून चांगलं. भीतीच्या मेसेजचं काय झालं ते मला कळवा, पत्ता मासिकाकडे आहे, पुढच्या अंकाची वाट बघू नका.